दोन सहकाऱ्यांमधला बंदुकीचा व्यवहार फिसकटला आहे. पैसे, बंदूक आणि प्रशासन: कोणी काय करावं?

गोदाकाठ
एका गोदामावर दोन सशस्त्र रक्षक आहेत. दोघेही निवृत्त फौजी आणि दोघांकडे स्वतःचा शस्त्र परवाना. त्यांना क आणि ख म्हणू. क कडे १२ बोअरची दुनळी आणि एक .३२ रिव्हॉल्व्हर आहे. दुनळी ४५ हजारांना ख ला द्यायचं ठरलं. ख सध्या कंपनीच्या परवान्यावरची बंदूक वापरतो, त्याच्या स्वतःच्या परवान्यावर १२ बोअरची जागा रिकामी आहे. ३० हजार रोख दिले गेले. वहीच्या कागदावर "मिळाले" एवढं लिहून सही आहे.

आता ख म्हणतो डावी नळी दगा देते, पैसे परत दे. क म्हणतो नीट पाहून घेतली होतीस, उरलेले १५ टाक. दोघं एकाच गेटवर. प्रकरण कंपनीच्या प्रशासनाकडे आलं आहे आणि ख च्या पगारातून दरमहा थोडे कापून क ला द्यावेत असा तोडगा पुढे आलाय.

प्रश्न: (१) पगारातून कापणं चालेल का? (२) ग्राहक मंचात जाता येतं का? (३) प्रशासनाने यात किती पडावं?

टिकल्या
दोघांच्या भांडणात तिसऱ्याच्या खांद्यावर बंदूक म्हणतात ती हीच. :)

फौजी_अण्णा
बाकी सगळं राहू द्या. बंदूक या घडीला कुणाच्या घरात आहे? आणि कुणाच्या परवान्यावर चढलेली आहे? पोस्टमध्ये तेवढंच नाही.

वकीलीणबाई
अण्णांशी सहमत. ४५ हजारांचा वाद हा इथला सगळ्यात किरकोळ भाग आहे.

शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ५(२) बघा. स्वतःच्या वापरासाठी कायदेशीर बाळगलेलं शस्त्र विकायला विक्रेत्याचा परवाना लागत नाही, पण दोन अटी आहेत. घेणारा ते बाळगायला पात्र हवा. आणि विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवायला हवं: कोणतं शस्त्र, कुणाला, त्याचं नाव-पत्ता. कळवल्यापासून किमान ४५ दिवस गेल्याशिवाय शस्त्र द्यायचं नाही. या कलमाचा भंग करून केलेली विक्री कलम २५(१)(अ) मध्ये जाते आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिथे किमान शिक्षा ७ वर्षं आहे, कमाल जन्मठेप. तेव्हा आधी सांगा, कळवलं होतं का, पोच आहे का, तारीख काय.

गोदाकाठ
विचारून सांगतो. क म्हणतो "अर्ज टाकलाय".

नाना_सातारकर
"अर्ज टाकलाय" हे शस्त्र शाखेतलं सगळ्यात महागडं वाक्य. आवक क्रमांक आणि शिक्का असलेली प्रत हातात नसेल तर अर्ज टाकलेला नाही असंच धरून चालायचं.

प्रत्यक्षात कसं चालतं ते सांगतो, कारण कलम वाचून लोकांना वाटतं की पत्र टाकलं, ४५ दिवस मोजले, झालं. आयुक्तालय असेल तर पोलीस आयुक्तांची शस्त्र परवाना शाखा, नसेल तिथे जिल्हाधिकारी कार्यालय. विकणारा अर्ज करतो: परवाना क्रमांक, यूआयएन (परवानाधारकाचा ओळख क्रमांक), शस्त्राचा प्रकार, बनावट, नंबर, सोबत किती काडतुसं जाणार, घेणाऱ्याचा परवाना क्रमांक. घेणाऱ्याच्या परवान्याची प्रत आणि त्याचं संमतिपत्र जोडतात. दोघं वेगळ्या हद्दीत असतील तर घेणाऱ्याच्या परवाना प्राधिकाऱ्याची ना हरकत मागतात आणि खरा वेळ तिथेच जातो. मंजुरी आली की शस्त्र आणि दोन्ही परवाने घेऊन हजर व्हायचं. एकाच्या परवान्यावरून नोंद कमी, दुसऱ्याच्या परवान्यावर नोंद जास्त, मग दोघांच्या पोलीस ठाण्यांच्या नोंदवहीत तसाच बदल. यातली एक नोंद राहिली तरी पुढच्या नूतनीकरणाला बोंब होते.

शिरपा
ग्राहक मंचाचं कुणी बोललं नाही म्हणून: नाही. क हा बंदुकांचा व्यापारी नाही, आपली एक जुनी वस्तू विकतोय. ग्राहक संरक्षण कायदा तिथे लागत नाही.

रानभैरी
ख ला कळलं कसं डावी नळी दगा देते ते?

टिकल्या
@रानभैरी आता मजा येणार.

रानभैरी
मजेचा भाग नाही. नळी चालत नाही हे कळायला चाप ओढावा लागतो. रिकाम्या बंदुकीचा ओढला तर फक्त खट् आवाज येतो आणि तो दोन्ही नळ्यांचा सारखाच वाटतो. म्हणजे काडतूस घातलं होतं. काडतूस कुणाचं? कुठे उडवलं? ख च्या परवान्यावर शस्त्रच चढलेलं नसेल तर दुकानदार त्याला १२ बोअरची काडतुसं देणार नाही. क ने दिली असतील तर तो काडतुसांचा वेगळा व्यवहार झाला. कंपनीच्या बंदुकीची वापरली असतील तर कंपनीच्या काडतूस हिशेबात खड्डा पडला. तिन्ही उत्तरं वाईट.

गोदाकाठ
विचारलं. पोच आहे, पोलीस ठाण्याचा शिक्का आहे, पण ४५ दिवस अजून भरायचे आहेत. बंदूक ख कडे आहे, "बघायला म्हणून" दिली होती. ख म्हणतो त्याने गावी शेतात

संपादक मंडळ
@गोदाकाठ, वरच्या प्रतिसादाचा पुढचा भाग आणि गावाचं नाव काढलं आहे. सगळ्यांना विनंती, कोणी कुठे काय केलं हे इथे लिहू नका. नियम आणि पुढची वाट यावरच बोला.

वकीलीणबाई
आभार, संपादक. @गोदाकाठ, यापुढे दोघांकडून लेखी "खुलासा" वगैरे मागू नका. प्रशासनाला सवय असते, काही झालं की खुलासा घ्या. तो कागद उद्या कुणाच्या फाइलला लागेल सांगता येत नाही. दोघांना वेगवेगळ्या वकिलांकडे पाठवा, एकाच नको, कारण दोघांचं हित इथे वेगळं आहे.

नाना_सातारकर
बाईंनी जरा जास्त घाबरवलंय असं वाटतं. ख कडे १२ बोअरचा चालू परवाना आहे. कलम म्हणतं घेणारा "पात्र" हवा, तो पात्र आहे. कमी पडले ते फक्त काही दिवस. पोलीस ठाण्यात पोचही आहे, म्हणजे लपवाछपवी नाही.

वकीलीणबाई
@नाना, पात्र असणं आणि ते विशिष्ट शस्त्र कायदेशीर ताब्यात असणं यात फरक आहे. परवान्यावर शस्त्राचा नंबर चढतो तो उगाच नाही. ४५ दिवसांची अट ही सोपस्कार नाही, त्या मुदतीत हरकत घ्यायची की नाही हे पोलिसांनी बघायचं असतं. तुमचा मुद्दा बचावाचा म्हणून कोर्टात चांगला आहे, मान्य. पण बचाव करायची वेळच का आणावी?

नाना_सातारकर
बचावाचा म्हणूनच मांडला होता. व्यवहार्य भाग असा की ताबा आज नीट करता येतो, तो करावा.

फौजी_अण्णा
ताब्याबद्दल. नोंद अजून क च्या परवान्यावर आहे, म्हणजे कागदावर बंदूक क ची. ती वाद मिटेपर्यंत क च्या घरीही नको आणि ख च्या घरीही नको. परवानाधारक दुकानदाराकडे सुरक्षित ठेव म्हणून जमा करायची. जमा करणारा क. ख ने एकट्याने पिशवीत घालून रिक्षातून दुकानात नेऊ नये. कलम ३ मध्ये एक सूट आहे: परवाना नसलेला माणूस परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकाराने शस्त्र नेऊ शकतो. पण ती दुरुस्तीसाठी, परवाना नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्या स्वतःच्या वापरासाठी. भांडणासाठी नाही. क ने स्वतः जावं, मूळ परवाना खिशात, बंदूक मोडून, नळ्या वेगळ्या करून, कव्हरमध्ये. काडतुसं वेगळ्या पिशवीत. आणि निघण्याआधी वकिलाला फोन.

दुकानदाराची पावती घ्यायची, त्यावर नंबर, नळ्यांची संख्या, उरलेली काडतुसं, तारीख. ठेवीचं भाडं दर महिन्याला असतं, ते कोण भरणार हेही लगेच ठरवा, नाहीतर त्यावर नवीन भांडण.

उंबरठा
ख ने बंदूक तशीच क ला परत दिली आणि क ने ३० हजार परत दिले तर? फिटंफाट.

नाना_सातारकर
@उंबरठा, आत्ता, नोंद बदललेली नसताना, हाच सगळ्यात स्वच्छ मार्ग आहे. अर्ज मागे घेत असल्याचं पत्र देऊन त्याची पोच घ्यायची. मात्र एकदा नोंद ख च्या परवान्यावर चढली की "परत देणे" असं काही उरत नाही. ती ख कडून क ला नवीन विक्री, पुन्हा लेखी कळवणं, पुन्हा ४५ दिवस. आणि मधल्या काळात क ने रिकाम्या जागेवर दुसरं काही घेतलं असेल तर जागाच संपली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, पूर्वी तीन होत्या.

दारूगोळा
आता "दगा देते" म्हणजे काय ते बघू, कारण ४५ हजारांचं भांडण कधीकधी शे-दोनशे रुपयांच्या कामावर मिटतं.

न उडालेल्या काडतुसाच्या बुडाची टोपी बघा, पिन तिथेच आदळते. तिथे सगळं लिहिलेलं असतं. टोपीवर खूणच नाही: डावा घोडा पडत नाही किंवा फायरिंग पिनचं टोक तुटलंय. उथळ, बाजूला सरकलेली खूण: घोड्याची कमान मऊ पडलीय, पिन झिजलीय किंवा आत घाण साचलीय. मधोमध खोल, स्वच्छ खूण आणि तरी बार नाही: बंदूक निर्दोष, काडतूस ओलं. कोकणपट्टीत दोन पावसाळे कपाटात राहिलेल्या काडतुसांची ही नेहमीची तक्रार.

घाणीचं विशेष सांगतो. आपल्याकडे बंदुकीला खोबरेल लावायची वाईट सवय आहे. थंडीत ते थिजतं. घोड्याच्या वाटेत थिजलं की घोडा पडतो पण आळसाने पडतो, टोपीला नुसता टोचा बसतो. दुपारी ऊन तापलं की तीच बंदूक झकास चालते. मग एक म्हणतो चालते, दुसरा म्हणतो चालत नाही, आणि दोघंही खरं बोलत असतात.

डावीच का? दोन चापांच्या दुनळीत पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा डावीचा. बहुतेक लोक उजवीच वापरतात. डावीची यंत्रणा वर्षानुवर्षं हलत नाही आणि तेल तिथेच सुकतं.

आणि चाप ओढून बार झाला नाही तर लगेच बंदूक उघडायची नाही. नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबायचं. उशिराने पेटणारं काडतूस उघड्या बंदुकीत फुटलं तर तोंडावर येतं.

रानभैरी
@दारूगोळा, घेताना काय तपासायला हवं होतं तेही लिहा. "पाहून घेतलीस" म्हणजे क ने काय दाखवलं आणि ख ने काय पाहिलं यावरच पैशाचा निकाल आहे.

दारूगोळा
पुढचा लाकडी भाग काढायचा, बंदूक बंद ठेवून दस्ता घट्ट धरायचा आणि नळ्या आडव्या हलवून बघायच्या. खडखड झाली तर सांधा ढिला. मग नळ्यांची मागची बाजू आणि समोरचा सपाट भाग यांत सिगारेटच्या कागदाइतका पातळ कागद ठेवून बंद करायची. कागद अलगद ओढला गेला तर फट आहे. फट असली की पिन टोपीपर्यंत पूर्ण जोराने पोचत नाही, म्हणजे फुसक्या बाराचं आणखी एक कारण.

नळ्या वेगळ्या करून खालच्या आकड्याला बोट घालून लटकवायच्या आणि लाकडी दांडीने टिचकी मारायची. घंटेसारखा लांब नाद आला तर दोन नळ्यांमधली पट्टी घट्ट आहे. भद्द आवाज आला तर कुठेतरी झाळ सुटलीय. उजेडाकडे धरून आत बघायचं. कडा गोल न दिसता कुठे सावली मोडली तर पोचा, काळे ठिपके दिसले तर गंज.

नळ्यांच्या सपाट खालच्या बाजूला चाचणीचे ठसे असतात. जुन्या विलायती दुनळीवर अडीच इंच किंवा ६५ मिमी असेल तर तिच्यात ७० मिमीची काडतुसं घालायची नाहीत. आत जातात, बसतात, पण उडताना तोंड उलगडायला जागा कमी पडते आणि दाब वाढतो. हे घेणाऱ्याने पाहायचंच आणि विकणाऱ्याने सांगायचंच.

पिन बघायच्या तर रिकाम्या घरात सुटे चाप ओढत बसू नये, त्याने टोकं तुटतात. नकली काडतूस घालून ओढायचे. पिन समोरच्या पाटातून साधारण सव्वा ते दीड मिलिमीटर बाहेर यायला हवी, टोक गोल. चपटं किंवा खड्डा पडलेलं टोक म्हणजे बदलायची वेळ. आणि हे काम परवानाधारक कारागिराकडेच. लेथवाल्याकडून पिन बनवून घेणं हा रक्षकांचा आवडता उद्योग आहे. शस्त्राची दुरुस्तीही त्याच कलम ५ मध्ये येते, म्हणजे लेथवाला अडकतो आणि नेणाराही.

शिरपा
@दारूगोळा, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका राव.

चिंचेचं_पान
विषयांतर. घरी माकडं फार, छर्ऱ्याच्या बंदुकीला परवाना लागतो का?

फौजी_अण्णा
@चिंचेचं_पान .१७७ पर्यंतची आणि २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीची एअर गन विनापरवाना चालते. पण माकड वन्यजीव कायद्यात येतं की नाही ते वनखात्याला विचारा, इथे नाही.

वकीलीणबाई
पैशाचा भाग. मालविक्री अधिनियम १९३०, कलम १६: वस्तू चांगल्या प्रतीची असेल अशी गर्भित हमी फक्त तसल्या मालाचा धंदा करणाऱ्याकडून मिळते. क धंदेवाला नाही. त्यामुळे "जुनी बंदूक, बघून घेतली" हा क चा मुद्दा वजनदार आहे. पण क तोंडी म्हणाला असेल की "दोन्ही नळ्या चालतात, मी खात्री देतो", तर ती स्पष्ट हमी झाली आणि ती कुणीही दिली तरी बांधते. डावी बिघडलीय हे माहीत असून झाकलं असेल तर करार अधिनियम १८७२ चं कलम १७, फसवणूक.

तिसरी बाजू लोक विसरतात. हा व्यवहार परवानगीवर अवलंबून आहे. परवाना प्राधिकाऱ्याने हरकत घेतली आणि विक्री होऊच शकली नाही, तर करार अधिनियमाच्याच कलम ३२ आणि ६५ प्रमाणे घेतलेला ३० हजारांचा आगाऊ परत करावा लागतो, भांडण कुणाचंही असो. म्हणून असल्या व्यवहारात आगाऊ रक्कम लहान ठेवावी आणि बाकी नोंद बदलल्याच्या दिवशी, बँकेतून.

दाव्याची मुदत तीन वर्षं. दिवाणी दाव्याआधी तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व अर्ज करता येतो, लोकअदालतीत तडजोड झाली तर तो हुकूमनामाच. ४५ हजारांसाठी याहून लांब जाऊ नये.

नाना_सातारकर
बाई, यावर पूर्ण सहमत. एक पुरवणी. पोलिसांत एकमेकांविरुद्ध अर्ज देण्याचा मोह टाळा. कुणी चौकशी अर्ज दिला, धमकीची एनसी (अदखलपात्र नोंद) झाली, तर ती नूतनीकरणाच्या पोलीस अहवालात येते. शस्त्र अधिनियमाच्या कलम १७ खाली सार्वजनिक शांततेच्या कारणावरून परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. दोघांची नोकरीच परवान्यावर आहे. १५ हजारांसाठी दोघांचेही परवाने गेले तर तेलही गेलं, तूपही गेलं.

ह्यूस्टनकर
इकडचं थोडक्यात, कारण इकडे आपली बरीच मंडळी सहकाऱ्यांत असे व्यवहार करतात. टेक्ससमध्ये एकाच राज्यातल्या दोन रहिवाशांत खासगी विक्रीला पार्श्वभूमी तपासणी लागत नाही. कॅलिफोर्नियात परवानाधारक दुकानातूनच, १० दिवस थांबून. राज्य वेगळं असेल तर दुकान सगळीकडेच लागतं. समोरचा बंदूक बाळगायला अपात्र आहे असं माहीत असताना किंवा तसं मानायला कारण असताना विकणं हा संघराज्य कायद्याने गुन्हा. आपल्या लोकांचा खड्डा इथेच आहे: एच-१बी वाला सहकारी सर्वसाधारणपणे अपात्र असतो, राज्याचा वैध शिकार परवाना असेल तर अपवाद. ग्रीनकार्डवाल्याला ही आडकाठी नाही. तेव्हा चहाच्या टेबलावर "घेतोस का" म्हणण्याआधी व्हिसा विचारा. पैशाच्या वादाला टेक्ससचं जस्टिस कोर्ट आहे, २० हजार डॉलरपर्यंत, आणि तिथेही बाईंनी लिहिलंय तसंच: व्यापारी नसलेल्याची गर्भित हमी नाही, बोललेली हमी मात्र धरतात.

टिकल्या
चहाच्या टेबलावर व्हिसा आणि गोदामाच्या गेटवर यूआयएन. माणूस तोच.

सुपारीबाग
@गोदाकाठ, प्रशासनाच्या बाजूने. पगारातून कापून तिसऱ्याला देणं: नाही. दोघांच्या खासगी देण्यासाठी मालकाला वेतनातून कपात करता येत नाही, ख ने सही करून दिली तरी त्या फंदात पडू नका. शिवाय कापलेत की कंपनी त्या विक्रीची भागीदार दिसते, आणि ती विक्री अजून पुरी झालेली नाही.

कंपनीने करायचं ते असं. दोघांच्या पाळ्या आजच वेगळ्या. दोघांत चावी-काडतुसांची देवघेव होत असेल तर मध्ये पर्यवेक्षक. कंपनीच्या काडतुसांची मोजणी, नोंदवहीशी ताळा, तारखेसह. (रानभैरींचा मुद्दा. जुळलं तर छान, नाही जुळलं तर तो कंपनीचा स्वतंत्र विषय, वकिलाला विचारूनच पुढे.) ख कंपनीच्या परवान्यावर रिटेनर (त्या परवान्यावरची बंदूक बाळगायला नेमलेला माणूस) आहे, म्हणजे त्याच्यावर काही प्रकरण झालं तर कंपनीच्या परवान्यालाही झळ लागते. रक्षक एजन्सीमार्फत असतील तर एजन्सीला तोंडी नाही, ईमेलने कळवा. गोदामाच्या आवारात विक्रीची बंदूक दाखवायला आणायची नाही असा साधा आदेश काढा. आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या "बघून घेतो" छाप बोलण्याला आळा घाला. दोन बंदूकधाऱ्यांतलं "बघून घेतो" कुणी विनोद म्हणून वाचत नाही.

उंबरठा
बंदूक जमा केल्यावर दुकानदाराच्या कारागिराकडून तपासणी करून लेखी मत घेता येईल ना? तो तिसरा, त्याला कुणाचं सोयरसुतक नाही.

दारूगोळा
@उंबरठा हो, आणि दुकानात परवानाधारक क च्या समक्ष. दोघांनी एकच प्रश्न लेखी विचारावा: डावी नळी का चालत नाही, दुरुस्तीचा खर्च किती, सांधा-नळ्यांची स्थिती काय. "किंमत बरोबर आहे का" विचारू नका, दुकानदार स्वतः बंदुका विकायला बसलाय, त्याचं उत्तर फुकट नसतं. चाचणीचा बार काढायचा तर जिथे परवानगी आहे तिथे, आणि ताज्या काडतुसांनी. खडकीची "शक्तिमान" असतील तर खोक्यावरची बनावटीची तारीख बघा.

गोदाकाठ
सर्वांचे आभार. सध्याची स्थिती, तपशील टाळून: दोघं आपापल्या वकिलांशी बोलले. बंदूक क च्या हस्ते दुकानात जमा, पावती झाली. पाळ्या वेगळ्या केल्या. पगारकपातीचा प्रस्ताव मागे. कारागीर म्हणतो डाव्या पिनचं टोक झिजलंय आणि आत तेल चिकटून बसलंय, सांधा घट्ट आहे. पिन आणि साफसफाईचा खर्च किरकोळ. दोघंही आता व्यवहार पुढे न्यायला तयार आहेत. लेखी काय करून घ्यावं?

वकीलीणबाई
५०० च्या मुद्रांकावर साधा करार: दुरुस्ती क च्या खर्चाने, त्याच्या परवान्यावर असतानाच. ४५ दिवस आणि परवानगी दोन्ही पूर्ण झाल्याशिवाय ताबा नाही. परवानगी नाकारली तर ३० हजार इतक्या दिवसांत परत. उरलेले १५ नोंद चढल्याच्या दिवशी बँकेतून. ठेवीचं भाडं तोवर निम्मं-निम्मं. जुनी वस्तू, कारागिराचा अहवाल दोघांनी वाचला, त्यापलीकडे हमी नाही. जुन्या वहीच्या कागदाचा उल्लेख करून ३० हजारांची पोच यातच घ्या. मागे बंदूक कुणाकडे होती वगैरे इतिहास करारात लिहू नका, आणि खोटंही लिहू नका. तो भाग आपापल्या वकिलाशी.

फौजी_अण्णा
निवडणूक जवळ असेल तर तारखा बघून घ्या. आचारसंहितेत शस्त्रं जमा करायचे आदेश निघतात, बँक आणि कंपन्यांच्या रक्षकांना बहुधा सूट असते, पण शस्त्र शाखा तेव्हा दुसरं काही हातात घेत नाही. ४५ चे कितीही होतील.

नाना_सातारकर
शेवटचं, आणि हे आधीच लिहायला हवं होतं. दुकानाची पावती, क चा परवाना आणि प्रत्यक्ष बंदूक, तिन्हींवरचा नंबर समोरासमोर ठेवून वाचा. दुनळीवर नंबर नळ्यांवर, मधल्या भागावर आणि पुढच्या लाकडाच्या लोखंडावर असतो, तिन्ही जुळायला हवेत. जुन्या परवान्यांवर हाताने लिहिताना ३ चा ८, १ चा ७ झालेला असतो, बनावटीचं नाव भलतंच असतं. ती चूक क च्या परवान्यावर दुरुस्त करून घ्यायची, नोंद हलवण्याआधी. तशीच पुढे गेली तर ख च्या परवान्यावर अशी बंदूक चढेल जी अस्तित्वात नाही, आणि हातात अशी राहील जिचा परवाना नाही.

गोदाकाठ
@नाना, आत्ता पावती काढून बघितली. पावतीवर शेवटचा आकडा ६, परवान्यावर ०. उद्या क ला दुकानात पाठवतो.

नाना_सातारकर
भिंग घेऊन जायला सांगा. दुकानदाराला नळ्यांवरचा नंबर कागद-पेन्सिलने घासून उतरवून द्यायला सांगा, तो ठसा अर्जाला जोडा. दुकानदाराचा चुकला असेल तर पावती बदलून मिळेल, पाच मिनिटांचं काम. परवान्यावरचा चुकला असेल तर मूळ खरेदीची पावती शोधायला लागा.